पोटभाडेकरू

मृगाचा पहिला पाऊस पडला की मराठवाड्याच्या तापलेल्या भूमीतून जो गंध उठतो, त्यावर आमच्या कवींनी पुष्कळ लेखणी झिजविली आहे. परंतु तो गंध मुख्यत्वेकरून मातीत राहणाऱ्या जंतूंचा आहे, हे कळल्यापासून मला त्या कवींची थोडी गंमत वाटू लागली आहे. स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जंतू जमिनीत जिऑस्मिन नावाचे द्रव्य निर्माण करतात. थेंब आपटले की ते हवेत उधळते, आणि आपण दीर्घ श्वास घेऊन 'अहाहा!' म्हणतो. ज्यांच्या नुसत्या नावाने एरवी आपण नाकाला रुमाल लावतो, त्यांचाच हा सुवास!

हे जंतू नाहीत कोठे? तुरीचे रोप उपटून पाहावे; त्याच्या मुळांवरील गाठींत बसून ते हवेतला नत्र रोपाला पचेल अशा रूपात पुरवीत असतात. लोणारच्या खाऱ्या सरोवरात काय जगणार, असे कोणासही वाटेल. पण २०२० च्या जून महिन्यात ते पाणी एकाएकी गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून पाहिले तेव्हा तो रंग जंतूंच्याच दूरच्या भाऊबंदांचा, खारटपणातच रमणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला.

अर्थात इतक्या दूर जावयाचे कारण नाही. ७० किलो वजनाच्या माणसाच्या देहात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लक्ष कोटी आणि जंतू सुमारे ३८ लक्ष कोटी, असा हिशेब काही शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडला. या साऱ्यांचे वजन मिळून पावशेराच्या आतच. आणि बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात. 'पोटभाडेकरू' हा शब्द ज्याने काढला त्याला ही गोष्ट ठाऊक असणे शक्य नाही, पण शब्द मोठा चपखल पडला खरा! शिरगणती केली तर मालक कोण आणि भाडेकरू कोण, याचा निवाडा कठीणच. शिवाय ही मंडळी भाडेही देतात. 'के' जीवनसत्त्वाचा काही भाग त्यांच्याच हातचा असतो.

गेल्या हिवाळ्यात आम्हांला नात झाली, आणि हा शास्त्रीय विषय आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या घरात रडण्याओरडण्यासह येऊन दाखल झाला. पैठणहून आमच्या आत्याबाई तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन बाळाला पाहावयास आल्या. सूनबाई म्हणाली, "आत्याआजी, बाळाला घेऊ नका हं. हातांना जंतू असतात." आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पुढे केलेले हात त्यांनी मागे घेतले आणि पदराखाली झाकले. ज्या हातांनी मला न्हाऊमाखू घातले तेच हे हात!

तथापि सूनबाईचा तरी काय दोष? या शहरात वर्षानुवर्षे जायकवाडीचे पाणी नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने येत असे, आणि पिंपात साठविलेल्या पाण्यावर संसार चालत. विषमज्वर किंवा जुलाब ज्या घराने पाहिले आहेत, त्याने जंतूंना भिऊ नये असे कोणी सांगावे? फक्त चोर आणि शेजारी यांना एकच नाव देऊन आपण मोकळे होतो, ही अडचण आहे.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. ते म्हणाले, "बाळाला तिचे पहिले जंतू तुमच्याचकडून मिळाले, सूनबाई. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या पोटातल्या जंतूंसाठी असतात." म्हणजे मातेने बाळाच्या पानाशेजारी त्याच्या पोटभाडेकरूंचेही पान वाढलेले असते! "आजींना खोकला-ताप नाही ना? मग साबणाने हात स्वच्छ धुवा, मुका तेवढा घेऊ नका, आणि द्या मूल मांडीवर." आत्याबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले. सूनबाईने स्वतः बाळ त्यांच्या मांडीवर ठेवले. नजर मात्र हलविली नाही.

डॉक्टरांची खरी तक्रार निराळीच होती. साधे पडसे झाले तरी लोक जंतुनाशक गोळ्यांचा हट्ट धरतात. पडसे होते विषाणूंमुळे, आणि त्यांच्यावर या गोळ्यांची मात्रा चालत नाही. बिऱ्हाड मोडते ते पोटातल्या निरुपद्रवी मंडळींचे. त्यांना पुन्हा बस्तान बसवावयास कित्येक आठवडे लागतात. काही तर परततच नाहीत. आणि पडसे, ते आपल्या वेळी आपल्या पायांनी निघून जाते.