सारथीही मीच!

मैत्रिणींनो, सदतिसाव्या वर्षी एखादी बाई नवीन काय शिकायला जाते? फार तर केकचा कोर्स, संगणकाचा वर्ग, नाहीतर योगासनं. मी काय शिकतेय ते ऐकल्यावर आमच्या शेजारणीने आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. एकचाकी सायकल चालवता चालवता धनुष्यातून बाण सोडणं! हो, एकचाकीच. सर्कशीत मुली चालवतात ना, तीच. हँडल नाही, ब्रेक नाही. एक चाक, दोन पेडल आणि वर बसायला सीट.

मी रोज तीन तास शाळेत मराठी-इतिहास शिकवते आणि उरलेला सगळा वेळ गृहिणी. शाळेच्याच मैदानावर संध्याकाळी तिरंदाजीचा वर्ग भरतो. २०२३ साली आपली साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली, तीही अवघ्या सतराव्या वर्षी. मग काय, माझ्या लेकीनेही हट्ट धरला. ती नेम धरायची आणि मी बाकावर बसून मेथी निवडायची. एक दिवस सर म्हणाले, "बाई, रोज बसताच आहात, तर जरा धनुष्य धरून बघा की!" धरलं, आणि मेथी तशीच राहिली.

तिरंदाजीत ताकद लागतेच, पण खरी परीक्षा असते ती स्थिरपणाची. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असतं. त्याची रुंदी १२२ सेंटीमीटर, आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त १२.२ सेंटीमीटर, म्हणजे चहाच्या बशीएवढंसुद्धा नाही. पाय खांद्याइतके फाकवून घट्ट रोवायचे, डावा हात समोर ताठ, उजव्या हाताने दोरी हनुवटीपर्यंत ओढायची आणि बोटं अलगद सोडायची. आपल्या बायकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगते. सुटलेली दोरी ओढणीत, मंगळसूत्रात, मोकळ्या केसांत अडकते; तेव्हा ओढणी घरी, मंगळसूत्र कुडत्याच्या आत, केस घट्ट बांधलेले आणि डाव्या हाताला चामड्याचा पट्टा. दुसरं म्हणजे बाण न लावता नुसती ओढलेली दोरी कधीच सोडायची नाही. धनुष्य मोडू शकतं.

आता ती एकचाकी. भाच्याने हौसेने घेतली, आठ दिवसांत कंटाळला आणि ती आमच्या माळ्यावर येऊन पडली. दिवाळीची साफसफाई करताना मी ती खाली काढली. माझा उद्योग बघून लेक म्हणाली, "आई, तू एका वेळी दोन कामं केल्याशिवाय राहतच नाहीस. आता हिच्यावर बसूनच बाण मार!" ती थट्टेत म्हणाली, पण माझ्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच.

एकचाकीचं शास्त्र तिरंदाजीच्या नेमकं उलटं. पेडल थेट चाकाच्या आसाला जोडलेलं असतं, त्यामुळे पाय थांबवून घरंगळत जायची सोय नाही. चाक फिरलं की पाय फिरणारच. तोल पुढे गेला की पेडल मारून चाक अंगाखाली आणायचं, मागे गेला की वेग आवरायचा. नवशिक्याने थांबायचं म्हटलं की तो पडलाच! सुरुवात भिंत धरून करायची. भार पेडलवर न देता सीटवर द्यायचा, आणि नजर चाकाकडे न ठेवता समोर ठेवायची. पडायची वेळ आली तर सायकल खुशाल सोडून द्यायची आणि आपण दोन पायांवर उतरायचं. रोज अर्धा तास असं करता करता दोन महिन्यांनी मी मैदानाची एक बाजू न पडता पार केली.

खरी गंमत पुढेच आहे. एकचाकीवर तोल सांभाळायला दोन्ही हात पसरावे लागतात, आणि धनुष्यालाही दोन्ही हात हवे! मग तोल राखायचा कशाने? कमरेने आणि मांड्यांनी. जपानात भरधाव घोड्यावरून बाण मारायची जुनी परंपरा आहे. तिला याबुसामे म्हणतात. बाराव्या शतकापासून ती चालत आलेली आहे. स्वाराच्या डाव्या अंगाला ओळीने तीन लक्ष्यं असतात. बाण सोडताना त्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून घोड्यावर बसायचं ते पायांच्या जोरावर. मीही तसंच केलं. लक्ष्य समोर न ठेवता डाव्या बाजूला लावलं. पण घोड्याला त्याचा स्वतःचा तोल असतो. आपल्या अर्जुनाला तर रथ हाकायला साक्षात श्रीकृष्ण होता. एकचाकीवर सारथीही मीच आणि धनुर्धरही मीच! हसू नका, स्वयंपाकघरात तरी आपलं दुसरं काय चाललेलं असतं?

सरांनी अटी मात्र कडक घातल्या. वर्ग सुटून मैदान पूर्ण रिकामं झाल्यावरच सराव. लक्ष्याच्या मागे बाण अडवणारी जाळी, अंतर फक्त पाच मीटर, धनुष्य अगदी हलकं. आधी महिनाभर हातात नुसती काठी धरून सायकल चालवायची, मग रबरी टोकाचे बाण, आणि ते जमले की खरे.

चौथ्या महिन्यात जोरात पडले. हात टेकला आणि मनगट टम्म सुजलं. हाड वाचलं, पण तीन आठवडे पट्टी बांधावी लागली. पोळ्या ह्यांनी लाटल्या; घरात रोज नवनव्या देशांचे नकाशे तयार होत होते. हे काळजीने म्हणाले, "अगं, मोडलं असतं तर? आता पुरे झालं." आणि सासूबाईंनी सरळ विचारलं, "पण सूनबाई, या सगळ्याचा उपयोग काय?"

सासूबाईंचा प्रश्न रागाचा नव्हता, म्हणूनच तो टोचला. कारण उत्तर खरंच नव्हतं. या वयात मी स्पर्धेत उतरणार नाही, याने पगार वाढणार नाही, घरखर्चात चार पैसे वाचणार नाहीत. लग्नानंतर मी शिवण शिकले ते मुलांच्या कपड्यांसाठी, गणित पुन्हा घोकलं ते लेकीच्या परीक्षेसाठी. जे जे शिकले ते कुणाच्या तरी उपयोगाचं होतं.

त्या रात्री मला माझी आई आठवली. आईला सायकल येत होती, हे मला ती गेल्यावर मावशीकडून कळलं. लहानपणी ती भावाच्या सायकलवरून शाळेत जायची, उतारावर हात सोडून! मी मावशीला विचारलं, "मग सासरी कुणी बंदी केली का?" मावशी म्हणाली, "छे गं, बंदी कसली? बाजार दोन पावलांवर, विहीर दारात. सायकलचा उपयोगच उरला नव्हता." पस्तीस वर्षं मी आईची लेक होते, आणि तिला हात सोडून सायकल चालवता येते याचा मला पत्ता नव्हता. कुणी हिसकावून घेतलं असतं तर ती भांडली तरी असती. उपयोग नाही म्हटल्यावर तिनेच ते गुपचूप ठेवून दिलं.

सकाळी चहा देताना मी सासूबाईंना म्हटलं, "आई, उपयोग काहीच नाही. पण ते माझं आहे." त्या काही बोलल्या नाहीत. पट्टी सुटली त्या दिवशी संध्याकाळी मात्र मला म्हणाल्या, "जा तू. कुकर मी लावते."

मागच्या आठवड्यात माझे दहापैकी तीन बाण लक्ष्यात लागले. घरी येऊन मोठ्या दिमाखात सांगितलं, तर सासूबाईंनी विचारलं, "आणि बाकीचे सात?"

"जाळीत," मी म्हटलं.

"बरं. उद्या चार आण."

मैत्रिणींनो, तुम्ही एकचाकीवर चढाच, असं मी म्हणणार नाही. चढलात तर आधी भिंत धरा आणि बाणाशी खेळ शिकवणाऱ्याशिवाय करू नका! पण तुमचंही काहीतरी 'उपयोग नाही' म्हणून बाजूला पडलं असेल. पेटी असेल, पोहणं असेल, नाहीतर कागदावर उगीच काढायची चित्रं. आठवड्यातला एखादा अर्धा तास त्याला द्या. आणि कुणी विचारलंच, "याचा उपयोग काय?" तर "काही नाही" असं हसून सांगा आणि चपला घालून निघा.