राणी, छक्की, चौकी

कोल्हापूर

चि. ओंकार यास,


पुढच्या आठवड्यात तू मित्रांबरोबर पणजीला निघाला आहेस आणि मांडवीतल्या कॅसिनोत एक रात्र काढायचा बेत आहे, हे वहिनीच्या फोनवरून कळलं. "वन्सं, तुम्हीच सांगा त्याला," म्हणाली. जाऊ नकोस असं मी सांगणार नाही. कमावता आहेस, तुझं तू ठरवशील. पण 'दिवाळीत तीन पत्तीत मी कुणाला ऐकत नाही, थ्री कार्ड पोकरलाही तीनच पत्ते' असं तू तिला म्हणालास, ते मला खटकलं. जन्मभर संभाव्यता शिकवली, तेव्हा एवढं तरी तुला लिहायलाच हवं.

आपल्या तीन पत्तीत समोर माणसं असतात. तू ब्लाइंड खेळत राहतोस, चाल वाढवतोस, आणि हातात जोडी असलेला माणूससुद्धा बिचकून पॅक करतो. माणूस ओळखण्याचं ते कसब तुझ्यात आहे, मी ते मानते. थ्री कार्ड पोकरमध्ये मात्र तुझा सामना फक्त डीलरशी, आणि त्याला स्वतः ठरवायचं असं काहीच नसतं. तो बिचकत नाही, पॅक करत नाही. नियमाप्रमाणे पत्ते उघडतो, बस्स. शेजारच्या खेळाडूंशीही तुझा काही संबंध नाही. ब्लफ करणार कुणाला?

डाव असा चालतो. 'अँटी'च्या चौकटीत आधी पैसे लावायचे, समज ५०० रुपये. तुला तीन पत्ते, डीलरला तीन. आपले पाहायचे आणि एकच गोष्ट ठरवायची: टाकायचे की खेळायचे. टाकलेस तर पाचशे गेले. खेळायचं तर 'प्ले'च्या चौकटीत आणखी पाचशे ठेवायचे, कमी नाही नि जास्त नाही. मग डीलर पत्ते उघडतो. त्याच्याकडे निदान राणी नसेल तर त्याचा हात क्वालिफाय होत नाही. तुला अँटीवर पाचशे मिळतात आणि प्लेचे पैसे जसेच्या तसे परत येतात. क्वालिफाय झाला तर दोन्ही हात ताडून बघतात. जिंकलास तर दोन्हींवर एकास एक, हरलास तर हजार गेले. सिक्वेन्स किंवा वरचा हात असला की अँटीवर वेगळा बोनस असतो, तो डीलर जिंकला तरी मिळतो.

हातांची उतरंड नीट वाच, इथे तुझी सवय आड येईल. घरी आपण ट्रेल सर्वांत वर धरतो. तिथे प्युअर सिक्वेन्स वर आणि ट्रेल त्याखाली. यामागे मोजणी आहे. ५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत ट्रेल ५२, कारण पत्ते तेरा प्रकारचे आणि प्रत्येकाच्या चारांतून तीन निवडायचे चार मार्ग. प्युअर सिक्वेन्स मात्र ४८: एक्का-दुर्री-तिर्रीपासून एक्का-राजा-राणीपर्यंत बारा ओळी, गुणिले चार रंग. चारच प्रकारांचा फरक, पण जे दुर्मीळ ते वर. साधा सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून सिक्वेन्स कलरच्या वर. हे आपल्याकडेही तसंच. शिवाय एक्का-दुर्री-तिर्री आपण दुसऱ्या नंबरचा सिक्वेन्स मानतो, तिथे तो सर्वांत खालचा. हे हिशेब वर्गात फळ्यावर मांडताना मला दर वेळी तितकाच आनंद व्हायचा, जितका पहिल्यांदा कळले तेव्हा झाला होता.

आता मुद्द्याचं. डीलरला राणीसुद्धा लागत नाही असं शंभरात तीस वेळा होतं. मग हलका हातही खेळत का राहू नये? वहीत मांडून बघ. तुझ्याकडे अगदी रद्दी पत्ते आहेत आणि दहा वेळा खेळलास. तीन वेळा डीलर क्वालिफाय होत नाही, दीड हजार आले. सात वेळा होतो आणि तुला हरवतो, सात हजार गेले. निव्वळ तोटा साडेपाच हजार. दहाही वेळा हात टाकला असतास तर गेले असते पाच हजार. म्हणजे टाकणं स्वस्त. हात सुधारत जाईल तसा खेळण्यातला तोटा कमी होतो, आणि टाकणं की खेळणं याची सीमा येते राणी-छक्की-चौकीवर. त्यावर सरासरी तोटा पाचशेच्या जरासा आत भरतो, राणी-छक्की-तिर्रीवर जरासा बाहेर. म्हणून नियम एवढाच: राणी-छक्की-चौकी किंवा वर असेल तर खेळ, खाली असेल तर टाक. एक्का, राजा किंवा कुठलीही जोडी असली तर विचारच करायचा नाही. राणीबरोबर सत्ती किंवा मोठा पत्ता असला तरी खेळायचं. छक्की असली तरच तिसरा पत्ता बघ. तीनात साधारण एक हात टाकावा लागतो आणि रात्र चढल्यावर टाकायचा कंटाळा येतो, पैसे तिथे जातात.

हा नियम तंतोतंत पाळलास तरी दर डावाला अँटीच्या ३.३७ टक्के कॅसिनोकडे जातात. पाचशेवर सतरा रुपये म्हण. तासाला चाळीस डाव धरले तर पावणेसातशे. पत्ते न पाहता खेळत राहिलास तर हा तोटा दुपटीहून जास्त, ७.६५ टक्के. चांगलं खेळून तोटा कमी होतो, नफ्यात जात नाही. आणि 'इतका वेळ हरलो, आता येईलच' असं मनात आलं की लक्षात ठेव, प्रत्येक डावाला पत्ते नव्याने पिसलेले असतात.

'पेअर प्लस' नावाची तिसरी चौकट असते. तिथे डीलरशी तुलना नाही. जोडी किंवा वरचा हात आला की ठरलेला दर मिळतो. पण जोडीसुद्धा न येण्याचे प्रकार १६,४४०, म्हणजे चारातले तीन डाव सरळ गेले. टेबलावर दर छापलेले असतात. जोडीला १, सिक्वेन्सला ६, ट्रेलला ३० आणि प्युअर सिक्वेन्सला ४० असताना कलरला ४ मिळत असतील तर कॅसिनोचा वाटा २.३२ टक्के. कलरला ३ असतील तर तोच ७.२८ टक्के होतो. एका आकड्याने तिप्पट!

हा खेळ डेरेक वेब या ब्रिटिश माणसाने १९९४ साली तयार केला, इंग्लंडच्या जुन्या थ्री कार्ड ब्रॅगवरून. आपली तीन पत्तीही त्याच ब्रॅगच्या नात्यातली. पुढे याच माणसाने ब्रिटनमधल्या बेटिंगच्या दुकानांतल्या यंत्रांविरुद्ध पदरचे पैसे घालून मोहीम चालवली. एप्रिल २०१९मध्ये त्या यंत्रांवरची एका वेळची कमाल पैज १०० पौंडांवरून २ पौंडांवर आली. जुगाराचं गणित आतून जाणणाऱ्याने हे केलं, याचं मला फार मोल वाटतं.

आपल्या राज्यात कॅसिनोचा कायदा १९७६ साली झाला, कधी लागूच झाला नाही आणि २०२३मध्ये रद्द झाला. गोव्याने १९७६च्याच स्वतःच्या जुगारविरोधी कायद्यात १९९६ साली दुरुस्ती करून जहाजांवर टेबलं मांडू दिली. मात्र २०२०पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना तिथल्या जुगाराच्या दालनात मज्जाव आहे. ज्या सरकारला यातून महसूल मिळतो तेच आपल्या माणसांना दाराबाहेर ठेवतं, याचा तूच विचार कर. चिपा घेताना मोजलेल्या रकमेवर जीएसटीही लागतो. तो कसा कापतात हे खिडकीवर आधी विचार.

जेवढे गेले तरी चालतील तेवढेच पैसे रोख ने, कार्ड हॉटेलवर ठेव. बसण्याआधी पेअर प्लसचे दर वाच, आणि कलरला ३ दिसले तर त्या चौकटीत एक रुपयाही ठेवू नकोस.

तुझी,
आत्या