भुलेश्वरची पांजरापोळ आणि वैशाखातील श्वान

चर्नी रोड स्थानकावर उतरून सी. पी. टँकच्या दिशेने चालू लागले की मुंबई हळूहळू अरुंद होत जाते. वैशाखातील दुपारी या वाटेवर सावली अशी ती इमारतींच्या छज्जांखालीच सापडते. बांगड्या, पूजेची भांडी आणि फुलांच्या टोपल्या यांमधून वाट काढताना उभ्या हातगाडीखाली वाकून पाहिले, तर तेथे एखादा तांबूस श्वान अंग पसरून निजलेला दिसतो. ज्या पेढीची पायरी नुकतीच धुतली गेली आहे, ती पायरीही त्याला बरोबर ठाऊक असते. माधवबागेला लागूनच पांजरापोळ आहे. आत पाऊल टाकताच बाजाराचा कोलाहल मागे राहतो आणि चाऱ्याचा ओला गंध येतो. गायींना घास भरवण्यासाठी आलेली कुटुंबे, मुलाचा हात धरून त्याच्या तळव्यावर चारा ठेवणारी आजी, हे दृश्य आपल्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे असेल. या संस्थेच्या जन्माला मात्र गायी नव्हे, तर कुत्री कारण झाली, हे नव्या पिढीला क्वचितच माहीत असते.

त्या कथेचा संबंध उन्हाळ्याशीच आहे. उष्म्याच्या महिन्यांत श्वानदंशाचे भय अधिक, अशा समजुतीने मुंबई सरकारने १८१३ च्या नियमान्वये त्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा दिली होती. १८३२ साली ती मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवण्यात आली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने शिपायांचा हात सैल सुटला. ६ जून रोजी पारशी बांधवांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी संतप्त जमावाने शिपायांना अडवले आणि दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. त्या हरताळात पारशांसोबत हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही उतरले. फौजेकडे जाणारे अन्नपाणीही थांबले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या मध्यस्थीने पुढे तोडगा निघाला. कुत्र्यांना ठार न मारता शहराबाहेर नेऊन सोडावे, असे ठरले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने ही पांजरापोळ उभी राहिली. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर आणि शत्रुंजयावरील टुंक यांमुळे आपण ज्यांना ओळखतो, तेच हे मोतीशा शेठ. पेढीला एका दिवसाचेही टाळे लागणे किती जड जाते, हे व्यापाऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही. आपल्या पूर्वजांनी मुक्या जिवासाठी ते सोसले.

आज श्वान आपल्या घरातही आला आहे, आणि येथेच नवी अडचण उभी राहते. गल्लीतील देशी कुत्र्याचे केस आखूड, अंग सडपातळ. हा उन्हाळा त्याच्या पिढ्यांच्या ओळखीचा आहे. सदनिकेतील गोल्डन रिट्रीव्हर किंवा हस्की हा मात्र थंड मुलुखातला पाहुणा. पग आणि शित्झू यांची नाके इतकी आखूड असतात की उष्म्यात त्यांना श्वासच अपुरा पडतो. माणसाप्रमाणे कुत्र्याला सर्वांगाला घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. जीभ बाहेर काढून धापा टाकताना जे पाणी वाफ होऊन जाते, त्यावरच त्याची सारी भिस्त. मुंबईची हवा आधीच बाष्पाने जड असल्यामुळे ती वाफ नीट होत नाही. म्हणून पारा चौतिसावर असला तरी येथील श्वानाला कोरड्या प्रदेशातील त्याहून तीव्र उन्हाइतकाच त्रास होऊ शकतो. ‘आमच्याकडे काही विदर्भासारखे ऊन नाही,’ या समाधानात राहू नये.

उन्हाळा लागला की दाट केसांच्या कुत्र्याचा गोटा करून आणण्याची एक टूम निघाली आहे. ती मला मुळीच मान्य नाही. अशा श्वानांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा थर उन्हाची तिरीप अडवतो. खालची मऊ लव गळून गेली की त्यातून हवा खेळते. वस्तरा फिरवला की कातडी उघडी पडून भाजते आणि काही वेळा केस पूर्ववत येतही नाहीत. गळालेली लव रोज विंचरून काढणे, पंजांच्या बोटांमधील केस तेवढे कातरणे आणि गुंता होऊ न देणे, इतके पुरते. स्नान तीन-चार आठवड्यांतून एकदा, तेही सकाळी आणि कुत्र्यांसाठीच्या शाम्पूने घालावे. आपला साबण त्यांच्या त्वचेला मानवत नाही. त्यानंतर कानांच्या आतपर्यंत आणि केसांच्या मुळांपर्यंत अंग कोरडे करावे. दमट केसांत बुरशी लवकर धरते.

विंचरण्याचे खरे महत्त्व गोचिडीमुळे आहे, आणि जैन घरात हाच प्रश्न सर्वांत अवघड. उष्ण, दमट दिवसांत गोचीड झपाट्याने वाढते. एक मादी रक्त पिऊन गळून पडली की भिंतीच्या भेगेत, सोफ्याच्या शिवणीत हजारांहून अधिक अंडी घालते. तिच्यापासून श्वानाला होणारा ताप जिवावर बेततो. गोचीड हा तेइंद्रिय जीव, श्वान पंचेंद्रिय. त्यामुळे औषध टाकताना घरातील वडीलधाऱ्यांचा हात थबकतो. काही ठिकाणी हा संकोच इतका लांबतो की कुत्रे रक्तहीन होऊन दवाखान्यात पोहोचते. या प्रसंगी मला साधू-साध्वींच्या पडिलेहणाची आठवण होते. वस्त्र आणि उपकरणे सकाळ-संध्याकाळ उलटसुलट करून पाहायची ती एवढ्यासाठीच की जीव उत्पन्न होऊन, वाढून मग त्याची विराधना होण्याची वेळच येऊ नये. श्वानाच्या अंगाचेही असेच पडिलेहण व्हावे. कानांच्या मागे, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत दोन्ही वेळा बोटे फिरवून पाहावे. अंथरूण धुऊन कडक वाळवावे, भिंतीच्या फटी बुजवून घ्याव्यात. ही जयणा चैत्रातच सुरू केली तर ज्येष्ठात फवारणीची पाळी सहसा येत नाही. तरीही प्रादुर्भाव झालाच, तर पशुवैद्याने दिलेले औषध नाकारू नये. आश्रित जिवाला तापाने मरू देणे ही त्याहून मोठी हिंसा आहे, असे माझे मत. गोचीड चिमटीत चिरडणे किंवा पेटत्या काडीने जाळणे हे मात्र दयेच्या दृष्टीने जितके निंद्य, तितकेच आरोग्याच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे.

पेढीबाहेर पाण्याची कुंडी ठेवण्याची जुनी रीत भुलेश्वरात अजून दिसते. ती मातीची, जड आणि सावलीत असावी. पत्र्याचे भांडे उन्हात तापते, हलके प्लॅस्टिक कलंडते. पाणी गाळून भरणे आपल्याला सांगायला नको, पण ते रोज बदलण्याकडे दुर्लक्ष होते. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते आणि एका जिवाच्या सेवेतून असंख्य जिवांची विराधना घडते. अन्नाच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघराचा एक अनायास लाभ असा की कांदा आणि लसूण श्वानाला विषासमान असतात, आणि ते आपल्याकडे मुळात नसतातच. बेदाणे व द्राक्षेही तितकीच घातक. सुक्या मेव्याचा डबा उघडला की लाडक्याच्या तोंडात बेदाणा टाकणाऱ्या मुलांना हे अवश्य सांगावे.

फिरायला नेताना डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला जे सोसत नाही, ते त्याच्या उघड्या पंजांनाही सोसत नाही. काचा बंद केलेल्या मोटारीत त्याला पाच मिनिटेदेखील ठेवू नये.

गल्लीतील ज्या श्वानांना आपण पोळी घालतो, त्यांचे रेबीजविरोधी लसीकरण आणि निर्बीजीकरण झाले आहे किंवा नाही, याचीही चौकशी पेढीवाल्यांनी मिळून करावी. १८३२ मध्ये सरकारला वाटणारे भय निराधार नव्हते. त्यावरचा उपाय तेवढा क्रूर होता. त्या काळी लस नव्हती, आज आहे.

थांबता न थांबणारी धाप, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, लडखडणारी चाल ही उष्माघाताची लक्षणे होत. श्वानाचे शरीर मुळातच ३८ ते ३९ अंशांवर असते. ते ४१ च्या पुढे गेले की प्राणांवर बेतते. अशा वेळी आधी त्याला सावलीत आणून नळाचे साधे गार पाणी सर्वांगावर ओतावे आणि पंखा लावावा. तोंडात बळेच पाणी घालू नये. अंग निवू लागल्यावर जवळच्या पशुवैद्याकडे न्यावे. भुलेश्वर आणि गिरगावच्या रहिवाशांसाठी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय फार दूर नाही. त्याचा दूरध्वनी क्रमांक गल्ल्यापाशी लिहून ठेवावा, आणि टॅक्सीत एक ओला टॉवेल सोबत घ्यावा.