व्यवहारानंतर उरलं काय?

‘बाय’ म्हणजे विकत घेणं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. अडतं ते मागच्या शेपटापाशी: अप, आउट, ऑफ, इन्टू. हैदराबादच्या अमीरपेठेत संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेताना यांची यादी फळ्यावर लिहिणं मी केव्हाच सोडलं. यादी पाठ होते आणि ऐन मुलाखतीत शेपूट भलत्याच जनावराला लागतं.

त्याऐवजी मी एवढंच विचारते, व्यवहार झाल्यावर उरलं काय? बेगम बाजारातल्या एखाद्या व्यापाऱ्यानं सणाआधी होता नव्हता तेवढा काजू उचलला, इतरांना दाणा मिळेना, तर ‘बाय अप’. दोन भावांच्या दुकानात एकानं दुसऱ्याचा हिस्सा घेतला आणि पाटीवर एकच नाव राहिलं, तर ‘बाय आउट’. साक्षीदाराचं तोंड बंद झालं तर ‘बाय ऑफ’. हे मात्र समजावून सांगावं लागत नाही!

काचीगुड्याकडून येणाऱ्या मराठी मुलांना यातली गोम लवकर कळते. साडी ‘घेतली’, ‘घेऊन ठेवली’, ‘घेऊन टाकली’. पैसे तेवढेच गेले, पण शेवटच्या वाक्यात घासाघीस करून कंटाळलेली बाई दिसते.

वर्गात खरी जुंपते ती सत्यम या इथल्याच सॉफ्टवेअर कंपनीवरून. ७ जानेवारी २००९ला तिचे संस्थापक रामलिंग राजूंनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली आणि एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्रानं शेअरमागे ५८ रुपये या भावानं ३१ टक्के हिस्स्याची बोली जिंकली. सगळे एकमुखानं ‘बाय आउट’ म्हणतात. मग मी विचारते, बाकीचे भागधारक गेले कुठे? ते तर जागच्या जागी होते. शिवाय नवे शेअर काढून दिल्यामुळे पैसा कंपनीतच आला. म्हणजे ‘बाय इन्टू’, पैसे घालून आत शिरणं. कारभार हाती आला म्हणून ‘टेकओव्हर’ म्हणा, हरकत नाही. २०१३ साली विलीनीकरण झालं तेव्हासुद्धा जुन्या भागधारकांना १७ शेअरांमागे टेक महिंद्राचे २ मिळाले. आउट कुणीच झालं नाही.

‘अप’वरूनही अशीच गल्लत होते. निजामाचे १७३ दागिने भारत सरकारनं १९९५ साली सुमारे २१८ कोटींना घेतले. त्यावर वाक्य लिहायला दिलं की कुणीतरी हमखास ‘बॉट अप’ लिहितं. “सगळेच घेतले ना, मॅडम?” घेतले खरे, पण या ‘अप’ला साठेबाजाचा वास येतो. सरकार काही दुसऱ्याला मिळू नये म्हणून बाजार रिकामा करायला निघालं नव्हतं. तिथे मी ‘अप’ खोडते आणि नुसतं ‘बॉट’ ठेवते.