जाफराबाद ते बाघमारा : भाग 2

मंगळवार, गुवाहाटी
मिरचीच्या प्लॉटवर क्रॉसिंगचा ऐन हंगाम, आणि मी माशा खाणारं झाड बघायला निघालो, यावरून घरी भरपूर ऐकून घेतलं. कासच्या पठारावर दवबिंदू आहेच की, हेही झालं. पण दवबिंदू किड्याला चिकटवून मारतो. बुडवून मारणारी घटपर्णी भारतात एकच, नेपेंथिस खासियाना, आणि तिचं घर मेघालय.

बुधवार, रस्त्यात
दुधनई सोडल्यावर गारो टेकड्या लागल्या. विल्यमनगरपासून सिमसांग नदी सोबतीला. रस्त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

गुरुवार, बाघमारा
घटपर्णीचं अभयारण्य म्हटल्यावर मोठं रान डोळ्यांपुढे होतं. हे तीन हेक्टरही नाही! आमच्याकडे एवढं तर एकाच घरचं शेत असतं. माती लालसर, नत्राला पारखी. ती उणीव झाड किड्यांवर भागवतं.

वनरक्षकाने झुडूप बाजूला सारलं. पानाची मधली शीर टोकाशी लांबून तणाव्यासारखी झालेली, तिला वीतभर हिरवट-तांबूस घट लटकलेला, वर झाकण. काठावर बारीक कंगोरे, आतली भिंत मेणचट. एक मुंगी काठावरचा गोडवा चाटत होती. पाय सटकला आणि खालच्या पाण्यात गेली. त्याच पाण्यात डासांच्या अळ्या मात्र मजेत वळवळत होत्या. गारो लोक हिला मेमांग-कोक्सी म्हणतात आणि न उघडलेल्या घटातलं पाणी डोळ्यांच्या दुखण्यावर घालतात.

मी जाफराबादचा, बियाण्याच्या मुलखातला. पहिला प्रश्न तोच सुचला, यातलं नर कोणतं, मादी कोणती? घटपर्णीत दोन्ही झाडं वेगळी असतात. वनरक्षक हसला. ‘‘दादा, फूल येईपर्यंत कुणालाच कळत नाही.’’ शेडनेटमध्ये आम्ही नराची ओळ वेगळी लावतो, बायका चिमट्याने कळ्या सोलतात, मग कुठे बी धरतं. इथे सगळा भरवसा किड्यांवर, तोही एवढ्याशा तुकड्यात. जवळपासची मादी कुणी उपटून नेली तर नर फुलून काय उपयोग?

शुक्रवार, बाघमारा
उपटून नेणारे आहेतच. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात नाव असूनही हौशी लोकांसाठी रोपं चोरीला जातात. शिवाय झूमची, म्हणजे फिरत्या शेतीसाठी लावलेली आग, कोळशाच्या खाणी. मला विचाराल तर खाण जास्त वाईट.

उद्या बलपक्रम राष्ट्रीय उद्यानात जायचं आहे. गाडीवाला भाड्यावर अडून बसलाय.