असोद्याच्या गच्चीवरून

जळगावहून असोद्याला रिक्षाने पाव तासात पोचलो. बहिणाबाईंचे हे माहेर. 1880 साली त्या इथे जन्मल्या. आमच्या मंडळींना मात्र ओढ होती ती असोद्याच्या भरताची! कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून होईपर्यंत आम्ही मावशींच्या गच्चीवर जाऊन बसलो.

अंधार पडला तशी आकाशात लाल दिवे लुकलुकत जाऊ लागले. एक गेले, पाठोपाठ दुसरे. मावशी बराच वेळ बघत होत्या.

“यायची टक्कर कशी नही व्हत?” त्यांनी विचारले.

प्रश्न सहज नव्हता. मावशींची नात रविवारी दिल्लीहून पुण्याला विमानाने यायची होती.

मी सांगू लागलो. वरखाली दोन विमानांत 1000 फूट तरी अंतर हवे. एकाच उंचीवर असतील, तर रडारच्या देखरेखीखाली साधारण 9 किलोमीटर. ऐकायला पुष्कळ वाटते. पण अरुंद गाडवाटेत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या, तर बैल थांबतात. विमान थांबत नाही. ताशी 800 किलोमीटरने दोन्ही समोरून आली, तर ते 9 किलोमीटर वीस सेकंदांत संपतात!

7 फेब्रुवारी 2018 रोजी मुंबईच्या नियंत्रणाखालील आकाशात हेच अंतर मोडले. मुंबईहून भोपाळला निघालेले एअर इंडियाचे विमान 27,000 फुटांवर होते. दिल्लीहून पुण्याला येणारे विस्ताराचे विमान 29,000 वर असायला हवे होते. ते 27,100 पर्यंत खाली आले. उरले 100 फूट! आमच्या वाड्याच्या बोळाएवढे. दोन्हींत मिळून अडीचशेहून अधिक माणसे होती. खालून काय सांगितले आणि वर काय ऐकले, यावर पुढे बराच वाद झाला. (2024 मध्ये त्या दोन कंपन्याच एक झाल्या, ही आणखी गंमत.)

वाचवले ते विमानातल्या यंत्राने. जवळ येणारे दुसरे विमान ते ओळखते आणि एकाला वर जा, दुसऱ्याला खाली जा, असे सांगते. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने एकमेकांवर आदळली. 349 माणसे गेली. एकही वाचला नाही. त्यानंतर आपल्याकडे हे यंत्र सक्तीचे झाले.

घरी असताना मी नकाशावर पट्टी ठेवून पाहिले होते. विमाने काही रेघेवरून जात नाहीत म्हणा. पण मुंबई–भोपाळ आणि दिल्ली–पुणे या दोन सरळ रेघा एकमेकींना छेदतात त्या आपल्या धुळ्याजवळ! हे मावशींना सांगायला नको होते, असे बोलल्यावर वाटले.

खालून भरताची हाक आली. मावशी उठल्या नाहीत.

“रविवारी किती वाजता जाईन तिचं इमान?”

“मावशी, धुळं इथून नव्वद किलोमीटर. ते दिसायचं नाही.”

“तरी येळ सांग.”