हरीबाबूंचे तिबेट

शेरलॉक होम्स १८९१ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधील रायशेनबाखच्या धबधब्यावर नाहीसा झाला आणि १८९४ च्या वसंतात लंडनला परतला. ही कथेतील कालगणना होय. वाचकांचा वनवास याहून मोठा होता. ऑर्थर कॉनन डॉयल यांनी आपल्या नायकाला १८९३ च्या डिसेंबरात मासिकाच्या पानांवर दरीत लोटले आणि १९०३ साली, प्रकाशकांच्या व वाचकांच्या आग्रहापुढे मान तुकवून, 'द एम्प्टी हाऊस' या कथेत पुन्हा उभे केले. मधल्या तीन वर्षांचा हिशेब होम्स वॉटसनला एका परिच्छेदात देऊन टाकतो. दोन वर्षे तिबेटात काढली, ल्हासाला गेलो, तेथील मुख्य लामांच्या सहवासात काही दिवस होतो आणि सिगर्सन नावाच्या नॉर्वेजियन प्रवाशाची जी संशोधनवृत्ते वर्तमानपत्रांतून आली ती माझीच, असे तो सांगतो. पुढे इराण, मक्का, खार्टूम असा प्रवास दोन-तीन वाक्यांत उरकून कथा लंडनच्या गुन्ह्याकडे वळते.

ज्या मराठी वाचकाने शाळकरी वयात भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्सची ओळख करून घेतली, तो या परिच्छेदापाशी थबकल्याशिवाय राहिला नसेल. तिबेटात दोन वर्षे! तेथे त्याने काय केले? कोणाशी बोलला? थंडीत पाइप पेटत होता का? डॉयल यांना या प्रश्नांत रस नव्हता. त्यांना नायक दडवून ठेवण्यासाठी जागा हवी होती, आणि त्या काळच्या इंग्रजी वाचकाच्या मनातील नकाशावर तिबेट हे दडवून ठेवण्याजोगे सर्वांत सोयीचे ठिकाण होते. तेथे कोणी जात नव्हते. त्यामुळे तेथे काय घडले नाही, हेही कोणी सिद्ध करू शकत नव्हते.

अशा रिकाम्या जागा भरण्याचा छंद होम्सच्या चाहत्यांना फार पूर्वी जडला. रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशकाने १९११ साली होम्सकथांची चिकित्सा, जणू तो धर्मग्रंथ आहे अशा थाटात, एका निबंधात केली आणि त्यातून एक विद्वत्तापूर्ण खेळच सुरू झाला. त्याहीआधी, १९०६ साली, फ्रेंच लेखक मॉरिस लब्लां याने आपला चोर-नायक आर्सेन लुपँ आणि होम्स यांना एका कथेत समोरासमोर आणले. डॉयल यांनी हरकत घेतल्यावर नावातील अक्षरांची अदलाबदल करून 'हर्लॉक शोल्म्स' असे नवे पात्र त्याने उभे केले, ही हकीकत गमतीची असली तरी बोलकी आहे. दोन वेगळ्या लेखकांच्या सृष्टींतील पात्रांनी एकमेकांच्या अंगणात यावे, ही इच्छा मूलतः वाचकाची असते. लेखक ती पुरी करतो तेव्हा तो पुन्हा वाचकाच्या भूमिकेत शिरलेला असतो.

मराठी साहित्यपरंपरेला उसन्या पात्रांचे वावडे कधीच नव्हते. मुक्तेश्वरांपासून मोरोपंतांपर्यंतचे आख्यानकाव्य दुसऱ्याच्या कथेवरच उभे आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' (१९०७) नाटकात कीचकाच्या मुखवट्याआड लॉर्ड कर्झन आहे, हे प्रेक्षकांनी ओळखले आणि सरकारनेही; १९१० साली नाटकावर बंदी आली. शिवाजी सावंतांचा कर्ण तर 'मृत्युंजय' मधून (१९६७) कित्येक वाचकांच्या मनात मूळ कर्णाच्या जागी जाऊन बसला आहे. परंतु ही पात्रे सार्वजनिक ठेव्यातील होती. एका हयात वा नुकत्याच होऊन गेलेल्या लेखकाच्या पात्राला हात लावणे, आणि त्याला दुसऱ्या लेखकाच्या पात्राशेजारी बसवणे, हा प्रकार मराठी समीक्षेला थोडा हलका वाटत आला. त्याला विडंबन म्हणून जागा मिळते. गंभीर साहित्य म्हणून मिळतेच असे नाही.

ही अढी सैल व्हावी म्हणून शिफारस करावी असे एक पुस्तक आहे. जाम्यांग नोर्बू या तिबेटी लेखकाची 'द मंडला ऑफ शेरलॉक होम्स' ही इंग्रजी कादंबरी १९९९ साली भारतात प्रसिद्ध झाली आणि पुढील वर्षी तिला क्रॉसवर्ड पुरस्कार मिळाला. होम्सच्या त्या दोन हरवलेल्या वर्षांची ही कहाणी. तिचा निवेदक अर्थातच वॉटसन असू शकत नाही, कारण वॉटसन लंडनमध्ये मित्राच्या निधनाचे दुःख करीत आहे. मग निवेदक कोण? नोर्बू यांनी तो रडयर्ड किपलिंगच्या 'किम' (१९०१) मधून उचलला: हरी चंदर मुखर्जी, बंगाली बाबू, सर्वेक्षण खात्याच्या आडून चालणाऱ्या हेरगिरीतील एक मोहरा.

ही निवड वरकरणी चतुराईची वाटते. 'किम' मध्ये कर्नल क्रायटन आहे, सिमल्याचा लर्गन साहेब आहे, हिमालयापलीकडच्या वाटा आहेत आणि एक तिबेटी लामाही आहे. होम्सला तिबेटकडे नेणारे सारे दुवे आयते हाताशी. पण थोडे पुढे वाचत गेले की ध्यानात येते, हा नुसत्या सोयीचा मामला नाही.

किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवीत. भारताची भाषा, वास, गर्दी त्याला जितकी कळली तितकी फार थोड्या इंग्रज लेखकांना कळली असेल. तरीही शिकलेला भारतीय माणूस दिसला की त्याची लेखणी तिरकी होते. हरीबाबू लठ्ठ आहे, हर्बर्ट स्पेन्सरचे दाखले देतो, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळावे म्हणून झुरतो, आपण भित्रे आहोत असे स्वतःच सांगत सुटतो. वाचकाने हसावे अशी सारी तजवीज. आणि तरीही, किपलिंग मोठा लेखक असल्यामुळे, हे पात्र त्याच्या हातून निसटून मोठे होते. पहाडात दोन परकी हेरांना भेटून, दारूच्या अमलाखाली इंग्रजांना शिव्या देणाऱ्या बाबूचे सोंग आणून, हरी त्यांचा विश्वास संपादन करतो. त्यांचे सामानसुमान नाहीसे झाल्यावर तोच त्यांना सुखरूप सिमल्यापर्यंत पोचवतो आणि वर त्यांच्याकडून आपल्या सेवेचे प्रशस्तिपत्रही लिहून घेतो. भित्रा म्हणवणारा हा माणूस कादंबरीतील सर्वांत धाडसी माणसांपैकी एक आहे. किपलिंगला हे ठाऊक होते; पण हरीला स्वतःच्या तोंडाने आपली कथा सांगू देण्याइतके त्याच्या मनात नव्हते.

नोर्बू यांनी नेमके तेच केले. कादंबरीच्या आरंभी दार्जीलिंगमध्ये एक गंजलेली पत्र्याची पेटी सापडते आणि तिच्यात हरीबाबूंचे हस्तलिखित असते. (पत्र्याची पेटीही उसनी आहे. वॉटसनची अप्रकाशित प्रकरणे बँकेच्या तळघरात अशाच पेटीत पडून आहेत, हे होम्सभक्तांना सांगावे लागणार नाही.) मग मुंबई बंदर, बोटीतून उतरणारा उंच नॉर्वेजियन प्रवासी, आणि त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी वेषांतर करून आलेला हरी. प्रवासी त्याच्याकडे एकदा पाहतो आणि तुम्ही अफगाणिस्तानात होता असे दिसते, असे सांगून मोकळा होतो. होम्स आणि वॉटसन यांच्या पहिल्या भेटीतील हे उद्गार ज्याच्या कानात आहेत, त्या वाचकाला येथे जो आनंद होतो तो केवळ ओळखीचा नव्हे. त्या एका वाक्याने वॉटसनची खुर्ची हरीबाबूंना दिली गेली आहे. ज्याला पाहून साहेब हसत, तोच आता साहेबाचा इतिहासकार.

हरीबाबूंच्या इंग्रजीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. लॅटिन वचने, अवजड शब्द, मध्येच निरागस आत्मप्रौढी, असे ते गद्य आहे. पण नोर्बू त्याची टिंगल करीत नाहीत. पानापानाने ते निवेदन वाचकाला आपलेसे वाटू लागते. ते मराठीत आणायचे म्हटले तर आजची प्रमाणभाषा कामाची नाही. अव्वल इंग्रजी काळातील, संस्कृत समासांनी लवलेली आणि नव्या ज्ञानाने हुरळलेली मराठीच त्याला शोभेल. एखाद्या अनुवादकाने हे आव्हान जरूर पेलून पाहावे.

आता जे सांगायचे ते या पुस्तकाच्या पानांत नाही, पानांमागे आहे. किपलिंगच्या हरीमागे शरच्चंद्र दास (१८४९–१९१७) हे खरे गृहस्थ असावेत, असे मानले जाते. ब्रिटिशांनी हिमालयापलीकडे पाठवलेल्या 'पंडितां' पैकी नैनसिंग रावत १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले होते. एकशे आठऐवजी शंभर मण्यांची जपमाळ ओढत त्यांनी पावले मोजली आणि प्रार्थनाचक्रात नोंदी दडवल्या. दास मात्र विद्वान होते. १८७९ आणि १८८१–८२ अशा दोन प्रवासांत त्यांनी तिबेटी विद्या, ग्रंथ, रीतिरिवाज यांचा अभ्यास केला. त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश (१९०२) आजही अभ्यासकांच्या हाती असतो. त्यांच्या ज्ञानाविषयी शंका नाही. पण ते माहितीही गोळा करीत होते. त्यांच्या कामाचे खरे स्वरूप उघड झाले तेव्हा ते सुखरूप भारतात होते. ज्यांनी त्यांना थारा दिला ते नव्हते. त्यांचे आश्रयदाते व विद्याप्रेमी सेंगचेन लामा यांना ल्हासाच्या सरकारने १८८७ च्या सुमारास नदीत बुडवून ठार केले. आतिथ्य करणाऱ्या इतरांनाही कैद भोगावी लागली. आणि १९०४ साली यंगहजबंडच्या आधिपत्याखाली ब्रिटिश फौज ल्हासात शिरली, तेव्हा 'पंडितां' नी मोजलेल्या वाटा कोणाच्या कामी आल्या हे निराळे सांगायला नको.

हे ठाऊक असलेल्या वाचकाला नोर्बू यांच्या निवडीचे वजन जाणवते. एका तिबेटी लेखकाने आपल्या देशाची कथा सांगण्यासाठी निवेदक निवडला, तो त्याच देशात हेरगिरीला आलेला परका बाबू! वासाहतिक लेखनाला उत्तर देण्याचा सोपा मार्ग हरीला खलनायक करण्याचा होता. नोर्बू यांनी त्याला मित्र केले. तो तिबेटात शिरतो नोंदी करायला, आणि हळूहळू त्या भूमीविषयी त्याच्या मनात जी आस्था निर्माण होते ती कोणत्याही खात्याच्या अहवालात मावणारी नाही. हा क्षमाभाव आहे की सूक्ष्म न्याय, याचा निर्णय सोपा नाही. बहुधा दोन्ही.

नोर्बू हे स्वतः भाबडे लेखक नाहीत. निर्वासितांच्या पिढीत वाढून, दार्जीलिंगच्या मिशनरी शाळेत शिकून, नेपाळमधील मुस्तांगच्या तिबेटी गनिमी दलात ते काही काळ होते. पुढे धर्मशाला येथील तिबेटी प्रयोगकला संस्थेचे संचालक झाले. तिबेटच्या पूर्ण स्वातंत्र्याचा आग्रह धरणारे त्यांचे राजकीय लेखन कठोर आहे. अशा माणसाने गुप्तहेरकथा का लिहावी? कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. तिबेटवरील निवेदने जगात फारशी कोणी वाचत नाही. होम्स सर्वत्र वाचला जातो. डॉयल यांनी दोन वाक्यांत रिकामी ठेवलेली जागा ही नोर्बू यांना आपल्या हरवलेल्या देशात शिरण्याची चोरवाट वाटली असावी. त्या जागेत त्यांनी धुके भरले नाही. ल्हासाचा दरबार, तेथील अधिकारी, कारस्थाने, चिनी अंबानाची अरेरावी, आणि अद्याप सत्ता हाती न आलेले किशोरवयीन तेरावे दलाई लामा, असा एक नांदता, भांडता, स्वतःचा कारभार करणारा देश त्यांनी उभा केला.

होम्स या दलाई लामांच्या रक्षणार्थ उभा राहतो. इतिहासातील तेरावे दलाई लामा १८७६ साली जन्मले, १८९५ साली त्यांनी सत्ता हाती घेतली आणि १९१३ साली तिबेटचे स्वातंत्र्य घोषित केले. म्हणजे कादंबरीतील होम्स जिंकतो आणि इतिहास त्याला दुजोरा देतो. पण १९५० साली आलेले चिनी सैन्य, १९५९ सालचे पलायन, मठांचा विध्वंस हे वाचकाला आधीच ठाऊक असते. कथेतील प्रत्येक सुटकेवर ही सावली पडते. गुन्हेगार सापडला, राजपुत्र वाचला, देश गेला. होम्सच्या इतर कोणत्याही कथेच्या शेवटी वाचक इतका उदास होत नाही.

पुस्तकात उणिवा आहेत. मुंबई ते सिमला आणि तेथून खिंड ओलांडेपर्यंतचा भाग उत्कृष्ट. शेवटचा तृतीयांश मात्र गूढविद्येच्या आहारी जातो. ज्याने आयुष्यभर तर्काची कास धरली त्या होम्सला मंत्रसामर्थ्याच्या द्वंद्वात उतरवणे अनेक कट्टर होम्सभक्तांना रुचणार नाही, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. गुप्तहेरकथा म्हणून हा भाग ढासळतो. तेथे अखेरीस कोण समोर उभे ठाकते, हे मात्र येथे सांगणे अन्यायाचे होईल.

वाचायला घेणाऱ्याने क्रम पाळावा. आधी 'द एम्प्टी हाऊस' मधील तो एक परिच्छेद. मग 'किम' ची अखेरची तीन-चार प्रकरणे, जेथे हरी पावसात भिजत, छत्री सावरत, त्या दोन साहेबांना पहाड उतरवतो. मग ही कादंबरी. आणि ती मिटल्यावर पुन्हा 'किम' मधील तेच प्रकरण उघडावे. साहेबांनी दिलेले प्रशस्तिपत्र काळजीपूर्वक जवळ ठेवून निरोप घेणारा तो लठ्ठ बाबू आता तितकासा विनोदी दिसत नाही.